दोघांची रेसिंग डिंगी घेताय? खानदेशच्या पाण्यासाठी बोट निवडायचा क्रम

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. धरणं भरलेली असतात, हवेत गारवा असतो, कुणीतरी भरीत पार्टीला हतनूर धरणाच्या काठावर जाऊन आलेला असतो आणि पाणी बघून डोक्यात शिडाची बोट शिरलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, ४७० घेऊ का २९ईआर?" (दोन्ही दोघांच्या शर्यतीच्या बोटींची नावं.) मी विचारतो, तुमचं दोघांचं मिळून वजन किती? पलीकडे शांतता. मार्चमध्ये तिथं पाणी किती उरतं? तेही माहीत नसतं. जोडीदार कोण? "तो सापडेल हो."

म्हणजे बोट आधी, मग पाणी, मग माणूस. हा क्रम पुरा उलटा आहे आणि पैसे तिथंच बुडतात. खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं जा. एखादा टप्पा गाळून पुढं गेलात तर बहुधा परत मागं यावं लागेल, आणि तोवर बोट दारात उभी असेल.

डिंगी म्हणजे शिडाची लहान, उघडी बोट. आणखी दोनच शब्द आधी स्पष्ट करतो. सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो तो हेल्म. पुढचं लहान शीड, म्हणजे जिब, सांभाळतो आणि बोटीचा तोल राखतो तो क्रू. क्रू म्हणजे मदतनीस नव्हे. अर्धी शर्यत त्याच्या हातात असते.

## १. आधी पाणी बघा, तेही उतरलेलं

भरलेलं धरण सगळ्यांनाच आवडतं. तुम्ही मार्चच्या शेवटी जा. हतनूरच्या जलाशयात तापी आणि पूर्णा दोन्ही गाळ आणून टाकतात, त्यामुळे पाणी रुंद दिसलं तरी खोल असेलच असं नाही. दोघांच्या बहुतेक डिंग्यांचा सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून खाली सोडायचं पातं, पूर्ण खाली सोडला की साधारण एक मीटर पाण्यात जातो. दीड मीटरपेक्षा कमी पाणी असलेला पट्टा शर्यतीसाठी नाहीच असं समजा.

खोली मोजायला यंत्र लागत नाही. मासेमारी करणाऱ्या दादांना विनंती करा, त्यांच्या होडीतून फिरा, दोरीला वजन बांधून दर पन्नास-शंभर मीटरवर सोडा आणि वहीत लिहा. बुडालेल्या बाभळी कुठं आहेत, जुन्या विहिरीचं तोंड कुठं आहे, जाळी कुठल्या बाजूला लावतात, हे नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. जाळ्यांचा पट्टा त्यांचा आहे. तिथून शर्यत न्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर कबूल करा.

मग वारा. जिल्ह्याच्या वाऱ्याचा अंदाज वाचून बोट घेऊ नका. साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात म्हणून तुमच्या तलावावर तसाच वारा असेल असं नाही. चार-सहा आठवडे, शनिवार-रविवार, सकाळी आठ, दुपारी बारा आणि चारला काठावर उभं राहून नोंद करा: पाणी आरशासारखं आहे, बारीक सुरकुत्या आहेत, की लाटांवर पांढरा फेस आहे? वारा एका दिशेनं येतो की टेकडीआडून झटके मारतो?

माझ्या वहीत वर्षाचं चित्र साधारण असं आहे. हिवाळ्यात सकाळी वारा जवळपास नाही, अकरानंतर हलका. मार्चपासून दुपारी जोर वाढतो, पण तोवर पाणी उतरलेलं असतं. मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या घरात आणि अवकाळीचं वादळ कधी उठेल सांगता येत नाही. पावसाळ्यात वारा सुंदर असतो, पण वाहत्या धरणात जायचंच नाही. म्हणजे पाणी भरपूर असतं तेव्हा वारा हलका. जी बोट जोराच्या वाऱ्यातच मजा देते ती आपल्याकडे बरेच शनिवार शेडमध्ये पडून राहते.

थांबा: हतनूरला ४१ दरवाजे आहेत. विसर्ग सुरू असताना, किंवा सुरू होण्याची सूचना असताना, बोट पाण्यात नाही म्हणजे नाही. कुठल्याही धरणावर भिंत आणि दरवाज्यांपासून किती अंतर ठेवायचं ते संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्या. धरण कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा: जलसंपदा विभाग, तापी पाटबंधारे विकास महामंडळ की नगरपालिका-महापालिका. परवानगी बोटीच्या आधी, बोटीच्या नंतर नव्हे.

## २. दोघंही काट्यावर उभे राहा

लाजू नका. कपडे, बूट आणि लाइफ जॅकेट घालून दोघांचं एकत्र वजन करा. या एका आकड्यानं निम्मी यादी गळून पडते.

डिंगीला कील, म्हणजे तळाला बोट सरळ ठेवणारं जड पातं, नसतो. वारा बोट आडवी करू बघतो आणि दोघांची शरीरं ती सरळ ठेवतात. वजन कमी पडलं तर जोराच्या वाऱ्यात शीड सोडून द्यावं लागतं, जास्त झालं तर हलक्या वाऱ्यात बोट पाण्यात रुतल्यासारखी चालते. आपल्याकडे हलका वारा जास्त, म्हणून दोन पर्यायांत अडकलात तर तुमचं वजन ज्या बोटीच्या पट्ट्यात खालच्या बाजूला बसतं ती घ्या.

दोघांचं मिळून ११० ते १३५ किलो असेल तर ४२० जमते. १२० ते १५० असेल तर एंटरप्राइज. १३० ते १६० असेल तर जीपी १४ हा शांत पर्याय आहे. १७० च्या पुढं गेलात तर शर्यतीचा हट्ट थोडा सैल करून वेफेरर किंवा तशाच मोठ्या बोटीकडे वळा. हे आकडे कायद्याचे नाहीत. पाच-सात किलोंनी काही बिघडत नाही, पण तीस किलोंनी बिघडतं.

आता अवघड प्रश्न. जोडीदार दर आठवड्याला येणार आहे का? त्याची नोकरी पुण्याला जायच्या बेतात आहे का? लग्नसराईत तो पूर्ण एप्रिल-मे गायब असतो का? बाप-मुलगा जोडी असेल तर मुलगा दोन वर्षांत वीस किलो वाढेल, हे धरून चाला. दोघांची बोट एकट्याला नीट चालवता येत नाही. क्रू बदलता राहणार असेल तर ट्रॅपीझची बोट नकोच, कारण तारेला लटकून तोल राखणं नवा माणूस एका सकाळीत शिकत नाही.

तपासा: दोघांनाही कपड्यांसकट पोहता येतं का? उलटी झालेली डिंगी दोघांनी मिळून सरळ केली आहे का, निदान एकदा? केली नसेल तर बोट बघणं थांबवा, आधी हे शिकून या.

## ३. शेजाऱ्याकडे कोणती बोट आहे?

क्लबसाठी बोट घेताना सगळ्यात वजनदार प्रश्न हाच, आणि तोच कुणी विचारत नाही. तीन सारख्या बोटी असल्या की शर्यत सोपी होते: जो आधी पोचला तो जिंकला. भांडण नाही, गणित नाही. शिवाय सुटे भाग एकमेकांना उसने देता येतात, शीड कसं ताणायचं हे शेजाऱ्याकडे बघून शिकता येतं.

वेगवेगळ्या बोटी असतील तर हँडिकॅप, म्हणजे वेगातला फरक भरून काढणारं गणित, लागतो. जगभर क्लबांत चालणारी पद्धत म्हणजे पोर्ट्समथ यार्डस्टिक. प्रत्येक वर्गाला, म्हणजे एकाच मापाच्या बोटींच्या प्रकाराला, एक आकडा असतो. बोट जितकी वेगवान तितका आकडा लहान. लागलेल्या सेकंदांना १००० नं गुणायचं आणि त्या आकड्यानं भागायचं.

समजा ४७० चा आकडा ९७० आणि एंटरप्राइजचा ११२० धरला. ४७० नं ५० मिनिटांत शर्यत संपवली, म्हणजे ३००० सेकंद. सुधारित वेळ सुमारे ३०९३. एंटरप्राइज ५७ मिनिटांनी आली, म्हणजे ३४२० सेकंद. सुधारित वेळ सुमारे ३०५४. सात मिनिटं मागून येऊन एंटरप्राइज ३९ सेकंदांनी जिंकली. आकडे दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला ताजी यादी घेऊन सूचनाफलकावर लावा आणि हंगामभर तीच वापरा.

कागदावर हे न्याय्य दिसतं. लहान तलावावर ते लंगडतं. पुढची बोट वळायच्या खुणेपाशी पोचते, वारा पडतो आणि मागचे नवीन झुळूक घेऊन येतात. किंवा याच्या बरोबर उलट होतं. म्हणून सांगतो: तुमच्या पाण्यावर आधीच दोन एंटरप्राइज असतील तर तिसरी एंटरप्राइजच घ्या. ती तुम्हाला जुनाट दिसत असली तरीही.

## ४. आता वर्ग ठरवा

इथपर्यंत प्रामाणिकपणे आलात तर यादीत दोन-तीनच नावं उरलेली असतील.

एंटरप्राइज. लांबी सुमारे ४.०४ मीटर, जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली. मोठं शीड आणि जिब मिळून साधारण साडेदहा चौरस मीटर. स्पिनेकर (वारा मागून असताना फुगवायचं मोठं, हलकं शीड) नाही, ट्रॅपीझ नाही. बघायला साधी, पण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढताना चांगली कस लावते. सांगाडा नव्वद किलोंच्या आसपास, म्हणून चिखलातून ओढायला चार माणसं लागतात. आपल्या हलक्या वाऱ्यात, बदलत्या क्रूबरोबर, पहिल्या ताफ्यासाठी माझं मत हिलाच. दुबळेपणा एक: जुन्या लाकडी बोटी बाजारात जास्त दिसतात, आणि लाकूड आपल्या उन्हात तडकतं.

४२०. लांबी नावातच आहे, ४.२० मीटर. सांगाडा ८० किलो. स्पिनेकर आणि एक ट्रॅपीझ. सोळा ते वीस वयाच्या हलक्या जोडीला, जिला पुढं स्पर्धांना जायचंय, ही द्या. कॉलेजातली दोन सडपातळ पोरं हिच्यावर सहा महिन्यांत जे शिकतात ते दुसरीकडे दोन वर्षांत शिकणार नाहीत. पण प्रत्येकी ऐंशी किलोच्या दोन काकांनी ती घेऊ नये.

४७०. ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून आहे आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या मार्सेलमधल्या शर्यतींत ती स्त्री-पुरुष अशा मिश्र जोडीसाठी होती. म्हणूनच फोनवर तिचं नाव पहिलं येतं. अप्रतिम बोट. पण तिच्यात ताणायच्या, सैल करायच्या दोऱ्या इतक्या की नवी जोडी शर्यतीपेक्षा दोऱ्यांतच गुंतून पडते, आणि मोठ्या स्पर्धांतून निवृत्त झालेली ४७० बहुतेकदा पिळून घेतलेल्या उसासारखी असते. दुसरी बोट म्हणून घ्या.

२९ईआर. उभी राहिली तरी कलंडते. युवा स्पर्धांसाठी उत्तम, झटक्यांच्या वाऱ्यात आणि उथळ पाण्यात नवख्यांसाठी वाईट. यावर आणखी लिहीत नाही.

जीपी १४. १९४९ ची, तीही होल्ट यांचीच. चौदा फूट, सांगाडा १३० किलोंच्या पुढं. स्थिर, माफ करणारी, शिकवायला चांगली. शर्यतीला एंटरप्राइजपेक्षा थोडी संथ वाटते, पण मुलांना घेऊन जाणारे पालक हिच्यावर खूश असतात.

विकत घेण्याआधी या बोटी प्रत्यक्ष पाण्यावर बघा. भोपाळच्या बड्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे, भुसावळहून थेट गाड्या आहेत. हैदराबादला हुसेनसागरवर रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींच्या स्पर्धा, होतात. दोन दिवस काठावर बसून कोणती जोडी कोणत्या बोटीत कशी हलते ते बघा. चलचित्रात बोट नेहमी वेगातच दिसते. वारा पडल्यावर ती कशी तरंगते ते तिथं कळतं.

## ५. जुनी बोट तपासताना: सांगाडा

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली बोट वापरलेलीच असेल, आणि तशीच असावी. सोबत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, एक रुपयाचं नाणं, साबणाचं पाणी, मऊ कापड, मोजपट्टी आणि वजनकाटा न्या. तपासणी याच क्रमानं करा.

वजन सगळ्यात आधी, बोट कोरडी असताना. इथं मी स्वतः फसलोय. मुंबईत ऐन पावसात एक ४२० बघितली. रंग चकाचक, विकणारा गोड बोलणारा. "मोजून काय करता, ऐंशीचीच आहे." इकडे आणून कापसाच्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवली तर ९७ किलो. आतल्या फोमनं सतरा किलो पाणी पिऊन ठेवलं होतं. मे महिन्याचं आख्खं ऊन खाऊनही त्यातलं निम्मंच निघालं. पुढचे दोन हंगाम आम्ही एक अदृश्य पोरगं बोटीत घेऊन शर्यत करत होतो. म्हणून मास्ट (शिडाची डोलकाठी), शीड, सेंटरबोर्ड, सुकाणू काढून नुसता सांगाडा मोजा. वर्गाच्या किमान वजनापेक्षा चार-पाच किलो जास्त चालेल. दहाच्या पुढं असेल तर घरी परत या.

नाणं वाजवत जा. हातभर अंतरानं पूर्ण तळ. चांगला फायबर टणक, कोरडा आवाज देतो. थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो, कच्च्या मडक्यासारखा. तशा जागी खडूनं खूण करा. मास्टचा पाय टेकतो ती जागा, बाजूच्या तारा अडकतात त्या पट्ट्या, सेंटरबोर्डची पेटी जिथं तळाला मिळते तो सांधा आणि सुकाणू लटकतं ती मागची फळी: या चार ठिकाणी एकही बद्द आवाज चालत नाही. बाकी ठिकाणी तळहाताएवढा डाग दुरुस्त होतो. जळगावच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्यांचं काम करणारे कारागीर ते करून देतात, मात्र शेजारी उभं राहून सांगा की थर पातळ ठेवा. त्यांची सवय टाकीची असते, जितकं जाड तितकं चांगलं.

लाकडी बोट असेल तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबा. आत गेलं तर बोलणी संपली.

हवेच्या टाक्या. बोट उलटली की याच तिला आणि तुम्हाला तरंगत ठेवतात. झाकणं लावा, पाणी काढायच्या भोकातून नळीनं तोंडानं फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला ती गळती.

थांबा: टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका. डेक उखडून वर येतो. मी पाहिलंय.

## ६. मास्ट, तारा, शीड

मास्ट आडवा ठेवून एका टोकाकडून डोळा लावून बघा. पुढं-मागं एकसारखा हलका बाक चालतो, बाजूला बाक नको. ॲल्युमिनियमवर स्टीलचे भाग जिथं रिव्हेटनं बसवलेत तिथं पांढरी भुकटी दिसली तर आतून खाल्लेलं आहे. समुद्रावरून आलेल्या बोटीत हे हमखास असतं, आणि आपल्याकडे येणाऱ्या बोटी बहुधा मुंबईच्याच असतात.

तारांवरून कापड फिरवा, हात नव्हे. धागा अडकला तिथं तारेचा केस तुटलाय. एक जरी केस तुटला तरी तार बदला. हा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

शीड उघडून उन्हाच्या दिशेनं धरा. बारीक छिद्रं दिसतात. शिलाईवर नख ओढा. दोरा तुटला तर उन्हानं खाल्लाय. कापड नवीन असताना कडक असतं आणि कुरकुरतं, थकलं की धोतरासारखं मऊ होतं. मऊ शिडावर सरावाची कामं होतात, शर्यत नाही. शिडावरचा नंबर, सांगाड्यावरचा नंबर आणि कागद जुळतात का बघा. मोजणीचं प्रमाणपत्र नसेल तर क्लबमध्ये चालून जाईल, बाहेरच्या स्पर्धेत अडवतील.

## ७. पाण्यावर चाचणी

पैसे देण्याआधी. विकणारा "वारा नाही", "माणूस नाही" म्हणाला तर पुढच्या आठवड्यात या.

तासभर चालवा. वळताना सेंटरबोर्ड अडकतो का, सुकाणूला खिळखिळ आहे का, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, सोडल्यावर बोट हळूच वाऱ्याकडे वळते का, बघा. मग मुद्दाम उलटवा. दहा मिनिटं आडवी ठेवा, सरळ करा, काठावर आणून टाक्यांची भोकं उघडा. कपभर पाणी निघालं तर ठीक. बादली निघाली तर पाचव्या टप्प्यावर काहीतरी सुटलंय.

आपल्या पाण्यासाठी एक जास्तीची गोष्ट, जी समुद्रावाले सांगणार नाहीत. या बोटींचा मास्ट सहा मीटरच्या आसपास असतो. पाणी चार मीटर, खाली गाळ. बोट पूर्ण उलटी झाली की मास्टचं टोक काळ्या चिखलात रुततं. मग दोघं लटकले तरी ती सरळ होत नाही आणि जोर लावला की मास्ट वाकतो. शिकण्याच्या काळात मास्टच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, घट्ट बुचाचा कॅन बांधा. दिसायला हास्यास्पद आहे, दिसू द्या. सोबत मोटर असलेली बचाव बोट नसेल तर शर्यत लावू नका.

## ८. आणणं आणि ठेवणं

सव्वाचार मीटरची बोट साध्या पिकअपमध्ये बसत नाही, मागं लोंबकळते. चौदा फुटी हौद्याची गाडी बघा. मुंबईला केळी टाकून रावेर-यावलकडे रिकामी परतणारी गाडी स्वस्तात मिळते. खाली जुन्या गाद्या आणि ट्यूब, दोऱ्या बोटीवरून न घेता बांधायच्या कड्यांतून. मास्ट वेगळा, तीन ठिकाणी आधार देऊन.

ट्रॉलीची चाकं रुंद हवीत. काळ्या मातीच्या काठावर अरुंद चाक रुततं आणि बोट ढकलताना तुम्हीही. शेड पत्र्याची असेल तर बोट पत्र्यापासून दूर, हवा खेळेल अशी आणि झाकणं उघडी ठेवून. बंद टाकीतली हवा मे महिन्यात फुगते आणि सांधे उकलते. शीड घडी न घालता गुंडाळून घरी न्या, शेडमध्ये उंदीर असतात.

पैसे ठरवताना तुमच्याकडे आहेत त्यातले दोन तृतीयांशच बोटीवर घाला. उरलेले तारा, ट्रॉली, दोन चांगली लाइफ जॅकेट आणि पहिल्या हंगामातल्या एका मोडतोडीसाठी लागतात.

## ९. पावती

स्टॅम्प पेपरवर नसली तरी चालेल, पण लेखी हवी. वर्ग, शिडाचा नंबर, सांगाड्याचा नंबर, सोबत दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी, मोजलेलं वजन आणि तारीख. दोघांनी मिळून घेत असाल तर कोणाचे किती आणि एकानं सोडलं तर दुसऱ्यानं किती देऊन बोट ठेवायची, हेही त्याच कागदाच्या मागे, बोट गाडीत चढायच्या आधी लिहून सह्या करा.